चाळीस मोडके मांडे, तीनशे कमेंट

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी बेळगावच्या वडगावात राहते. बारा वर्षं झाली, घरूनच मांडे, करंज्या, रुखवताचं फराळाचं करून देते. पंधरा दिवसांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका घरी साखरपुड्याचे दीडशे मांडे पाठवले. टेम्पोत चाळीसएक मोडले. त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या ऑर्डरीत होते. 'बघू या नंतर' म्हटलं आणि ते राहूनच गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बेळगावच्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर माझ्या फोटोसकट पोस्ट टाकली. आता तिथं तीनशेवर कमेंट आहेत. कुणी चोर म्हणतं, कुणी म्हणतं शिळं तूप वापरते. एकानं तर लिहिलंय की मी कन्नड गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलते. हे कधी घडलेलंच नाही. पुतण्यानं रागानं तिथं शिव्या घातल्या, त्यावर आणखी पेटलं. गूगलवर एका दिवसात अकरा जणांनी एक-एक स्टार दिला, त्यातलं एकही नाव ओळखीचं नाही. कालपासून माझ्याच नावाफोटोचं दुसरं खातं निघालंय आणि त्यावरून लोकांकडे ऑर्डरीचा ॲडव्हान्स मागताहेत. मालक म्हणतात गप्प बस, भाऊ म्हणतो केस टाक. मुलीची सोयरीक कोल्हापूरकडे चालली आहे. काय करू?"

ताई,

तुम्ही शेवटाकडे लिहिलेली गोष्ट आधी घेऊ: ते दुसरं खातं. चोर म्हणणं, एक-स्टार, शिव्या हे सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल. तोतया खातं थांबू शकत नाही. त्यावर कुणी पैसे भरले तर उद्या तो माणूस "वडगावच्या बाईंनी फसवलं" म्हणेल, आणि त्याच्यापाशी पैसे भरल्याची पावतीही असेल.

आधी पुरावा, मग रिपोर्ट. बहुतेक जण इथंच उलटं करतात. रागाच्या भरात रिपोर्ट मारतात, खातं उडतं आणि पोलिसांपुढे ठेवायला हातात काही उरत नाही. त्या खात्याचं प्रोफाइल उघडा, तीन टिंबांवर दाबा, प्रोफाइलची लिंक कॉपी करून स्वतःलाच ईमेल करा. नाव बदलता येतं, युजरनेमही बदलता येतं. लिंकमध्ये लांबलचक आकडा असेल तर तो मात्र त्या खात्याला कायमचा चिकटलेला असतो, म्हणून तो महत्त्वाचा. ज्यांना ॲडव्हान्सचा मेसेज आला त्यांना त्यांच्या फोनवरचा स्क्रीनशॉट मागा. त्यात पैसे भरण्यासाठी दिलेला यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड दिसायला हवा. खातं खोटं असलं तरी पैसे कुठल्या तरी खऱ्या बँक खात्यातच जातात, आणि माग काढायला सगळ्यात पक्का धागा तोच असतो.

कुणाचे पैसे गेले असतील तर ज्याचे गेले त्यानंच १९३० वर फोन करायचा, तुम्ही नाही. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँक हातात ठेवून. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन लागला तर ते अडवता येण्याची शक्यता असते. उद्या सकाळी बघू म्हटलं की ती संपली.

हे झालं की रिपोर्ट. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत रिपोर्ट, मग 'दुसरी व्यक्ती असल्याचं भासवत आहे' अशा अर्थाचा पर्याय, मग 'मी'. ओळखपत्र मागितलं तर द्या. घरातल्या चार-पाच जणांनी हीच तक्रार 'माझ्या ओळखीची व्यक्ती' निवडून करावी. दोनशे जणांना कामाला लावू नका. खातं काढताना तक्रारी मोजत नाहीत, कारण नीट निवडलंय का ते बघतात. 'मला आवडलं नाही' किंवा 'स्पॅम' निवडलं की तक्रार भलत्याच रांगेत जाते. उत्तर आलं नाही किंवा 'आमच्या नियमांत बसत नाही' असं आलं, तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीनं नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. चोवीस तासांत पोच द्यायचं बंधन त्याच्यावर आहे, आणि तोतयेगिरी व खासगी फोटो यांसाठी नियमांत वेगळी, तासांत मोजायची मुदत आहे. त्यानंही नकार दिला तर त्याच्या उत्तरापासून तीस दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. तिथं वकील लागत नाही.

त्याच दिवशी स्वतःच्या खात्यावर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर दोन ओळी टाका: माझं खातं हे एकच, ॲडव्हान्स फक्त या नंबरवर, दुसरीकडून मागणी आली तर मला फोन करा. ब्रॉडकास्ट लिस्टवरही पाठवा, पण ध्यानात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. बाकीच्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेकट्याला पाठवावा लागेल. तासाभराचं काम आहे.

आता मूळ पोस्ट.

तिचाही पुरावा आधी. नुसता कमेंटचा स्क्रीनशॉट पुरत नाही. घरातल्या कुणाला तरी स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करायला सांगा: फोनच्या होम स्क्रीनपासून सुरुवात, फेसबुक उघडणं, ग्रुपचं नाव, पोस्ट, सगळ्या कमेंट शेवटपर्यंत, आणि ज्यांचं लिहिणं फार वाईट आहे त्यांची प्रोफाइलं एकेक उघडून. पोस्टखाली '१२ दिवस' असं जे बारीक लिहिलेलं असतं त्यावर दाबलं की त्या पोस्टची स्वतंत्र लिंक मिळते. कंप्युटरवर तिथं माउस धरला की नेमकी तारीख-वेळ दिसते. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही लिहिलं असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट हवा. नुसतं नाव दिसून उपयोग नाही, कारण कुणाचाही नंबर कुठल्याही नावानं सेव्ह करता येतो. चॅट एक्सपोर्ट करून तेही ईमेलवर टाका. ग्रुपमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज लावलेले असतील तर आजच करा. ते चोवीस तासांत, सात दिवसांत किंवा नव्वद दिवसांत जातात.

मूळ फाइल कापू नका, लाल गोल काढू नका. गोल काढायचे तर कॉपीवर. स्क्रीनशॉट वकिलाला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जाऊन नवी फाइल तयार होते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हा काटेकोरपणा उगीच नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली असा पुरावा कोर्टात द्यायचा तर प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइल एका ठिपक्यानं बदलली तरी अंगठा बदलतो. तो फोन निदान हे प्रकरण मिटेपर्यंत विकू नका, रिसेट करू नका.

एका वहीत तारीखवार नोंद ठेवा: कुठं, कुणी, काय शब्द, लिंक. त्याखाली रद्द झालेल्या ऑर्डरी, रकमेसकट, आणि रद्द करतानाचे मेसेज. आणि घराबाहेरच्या दोन-तीन जणांची नावं, ज्यांनी पोस्ट स्वतःच्या फोनवर वाचली. बदनामीच्या दाव्यात 'लोकांनी वाचलं आणि माझं नुकसान झालं' हे दाखवायला घरच्यांची साक्ष हलकी पडते.

हे सगळं जमवून झालं की तीनशे कमेंट वाचायचं थांबवा. तुम्ही नाही, घरातलं दुसरं कुणीतरी त्यांची वाटणी करेल. सगळ्या कमेंट एका जातीच्या नसतात. 'महाग आहेत, चवीला ठीक' हे मत झालं, त्याला औषध नाही आणि लागतही नाही. 'मांडे मोडून आले, पैसे परत दिले नाहीत' ही तक्रार आहे. 'शिळं तूप वापरते', 'पैसे घेऊन पळते' हे खोटं विधान आहे, बदनामीत मोडणारं तेच. आई-बहिणीवरून शिव्या वेगळ्या, 'घरी येऊन बघतो' अशा धमक्या वेगळ्या. साधारण असं दिसेल की कोर्ट-पोलिसांपर्यंत नेण्याजोग्या कमेंट तीनशेत सात-आठच आहेत. बाकीचे नुसते जत्रेला आलेत.

आणि मूळ तक्रार? ती खरी आहे, ताई. मांडे मोडले. टेम्पोत मोडले हे खरं, पण खापरावरून उतरलेला मांडा किती नाजूक ते तुम्हाला माहीत, गिऱ्हाइकाला नाही. फोनला उत्तर द्यायचं राहिलं हेही खरं. बदनामीच्या कायद्याला दहा अपवाद आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट त्यात बसते, आणि आपलं हित राखायला चांगल्या हेतूनं केलेलं म्हणणंही. त्या बाईंवर केस टाकायला निघालात तर त्यांचं म्हणणं उभं राहील आणि तुमचं डळमळेल. भावाला हे समजावून सांगा. त्यांनी फोटो टाकायला नको होता, हे मान्य. पण तेवढ्यावर लढाई जिंकता येत नाही.

तर आधी त्यांना फोन. मेसेज नको, फोन. शक्य असेल तर घरातली वडीलधारी बाई सोबत घेऊन. चाळीस मांड्यांचे पैसे परत, त्याच दिवशी, यूपीआयनं, म्हणजे नोंद राहील. 'तुमची पोस्ट काढा, मग पैसे देते' असा सौदा करू नका. तो फोन रेकॉर्ड झाला तर पुढची पोस्ट त्याचीच. पैसे पोचल्यावर एकच विनंती करा: पोस्ट काढू नका, तिच्या वरच्याच ओळीत 'पैसे परत मिळाले, आमचा विषय मिटला' असं लिहा आणि कमेंट बंद करा. पोस्ट काढण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. तिचे स्क्रीनशॉट आधीच फिरताहेत आणि ते कुणी काढू शकत नाही. पोस्ट गायब झाली तर स्क्रीनशॉट तेवढा उरतो, मिटल्याची ओळ कुणाला दिसत नाही. पोस्ट राहिली तर शोधायला येणाऱ्याला शेवट पहिल्याच ओळीत मिळतो.

त्या पोस्टखाली तुमचं उत्तर एकदाच. चार वाक्यं, विशेषण एकही नको. असं काहीतरी:

"नमस्कार. दीडशेपैकी चाळीस मांडे वाहतुकीत मोडले आणि मी वेळेवर फोन केला नाही, ही माझी चूक. त्याचे पैसे आज परत केले आहेत. कुणाला माझ्या कामाबद्दल तक्रार असेल तर माझ्या नंबरवर फोन करा."

त्याखालीच कन्नडमध्ये: "मांडे मुरिदु बंदिद्दक्के क्षमिसि. अदर हण वापस् कोट्टिद्देवे." म्हणजे, मांडे मोडून आले त्याबद्दल माफ करा, त्याचे पैसे परत दिले आहेत. कन्नड लिपीत लिहून घ्या, शेजारच्या शाळकरी पोरालाही येईल. मग त्या पोस्टकडे पाठ. कुणी 'आता का सुचलं' म्हणेल, कुणी 'नाटक' म्हणेल. उत्तर नाही. अशा ग्रुपमध्ये नवी कमेंट पडली की जुनी पोस्ट परत वर येते. तुमच्या बाजूनं लिहिणाऱ्या मावशी, नणंदा, शाळेतल्या मैत्रिणी याच त्या पोस्टला रोज वर ढकलताहेत, हे त्यांना प्रेमानं सांगा आणि थांबवा.

आता ती कन्नड गिऱ्हाइकांवरची कमेंट. तीनशेत सगळ्यात जपून हाताळायची ती हीच.

आपल्याकडे भांडण कशावरून सुरू झालं याला फार दिवस महत्त्व राहत नाही. पाटीवरच्या साठ टक्के कन्नडवरून, बसमधल्या सुट्ट्या पैशांवरून, क्रिकेटवरून सुरू झालेलं भांडण दोन दिवसांत भाषेचं होतं. नोव्हेंबरची १ तारीख एका बाजूला राज्योत्सव असते आणि दुसऱ्या बाजूला काळा दिवस. २००४ पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण सौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बसलं की सगळ्यांचे कान आणखी टवकारतात. या हवेत तुमच्या मांड्यांना एकदा भाषेचं लेबल लागलं की मांडे बाजूला पडतात. ज्यांनी तुमचा मांडा कधी बघितलाही नाही असे लोक इकडं बेंगळुरूहून आणि तिकडं पुण्याहून येऊन लिहायला लागतात. त्यांच्याशी मिटवायला ना फोन नंबर असतो, ना चाळीस मांड्यांचा हिशेब. म्हणून भांडण मांड्यांएवढंच ठेवायचं, त्या टोपलीबाहेर जाऊ द्यायचं नाही.

म्हणून तुमच्या बाजूनं 'मराठी आहे म्हणून त्रास देताहेत' असं कुणीही लिहू नये. पाठिंब्याला येणाऱ्या कुठल्याही संघटनेच्या कार्यकर्त्यालाही आभार मानून सांगा, की घरगुती विषय आहे, मिटतोय. त्यांचा हेतू चांगला असेल, पण ते आले की समोरचेही येतात. तुमची कन्नड गिऱ्हाइकं आहेतच. त्यांच्यापैकी दोघी-तिघींना कमेंट करायला लावू नका. त्यांनाच ओढल्यासारखं होतं. त्यांनी आपण होऊन गूगलवर, कन्नडमध्ये, खऱ्या ऑर्डरीबद्दल दोन ओळी लिहिल्या तर त्या खोट्या आरोपाला तेच पुरेसं उत्तर.

पुतण्याचं काय? त्यानं कुणाच्या भाषेवरून, जातीवरून काही लिहिलं असेल तर हे गमतीचं नाही. धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा यांवरून गटागटांत वैर पसरवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. त्यात पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात, जामीन हक्कानं मिळत नाही, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नुसत्या शिव्या असतील तर कलम ३५२, शांतता भंग होईल असा अपमान. वयानं पोर असला तरी पासपोर्ट आणि नोकरीच्या पडताळणीत असल्या नोंदी आडव्या येतात. त्यानं आधी स्वतःच्या कमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, म्हणजे उद्या कुणी वाढवून सांगितलं तर मूळ शब्द हाताशी असतील. मग कमेंट काढाव्यात आणि एक ओळ लिहावी: "रागात चुकीचं लिहिलं, काढून टाकलं आहे." 'माझं खातं हॅक झालं होतं' असं लिहू नये. ते कुणी मानत नाही, आणि चौकशी झाली तर लॉगिनच्या नोंदी खोटं उघडं पाडतात. पोलिसांत आधीच तक्रार गेली असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय काहीही पुसू नये.

ग्रुपच्या ॲडमिनला निरोप द्या, पण 'पोस्ट काढा नाहीतर केस' असा नको. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. ॲडमिनांना असले निकाल पाठ असतात. त्यांच्याकडे छोटी गोष्ट मागा: कमेंट बंद करा, आणि या सात लिंकांवरच्या कमेंट काढा. पोस्ट काढायला सांगितलं की ॲडमिन लोकशाहीवर बोलायला लागतात. कमेंट बंद करायला सांगितलं की करून टाकतात.

तुमच्या स्वतःच्या पेजवर कुणी येऊन घाण टाकत असेल तर ती कमेंट डिलीट करण्याऐवजी हाइड करा. हाइड केली की लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसत राहते, बाकीच्यांना दिसत नाही. त्याला वाटतं आपण जिंकलो. डिलीट केली की तो स्क्रीनशॉट घेऊन 'माझी कमेंट का काढली' म्हणत परत येतो. पेजच्या सेटिंगमध्ये काही शब्द आधीच अडवता येतात. इथं लोक एक गोष्ट विसरतात: आपल्याकडे एकच शिवी तीन लिप्यांत येते. देवनागरीत, कन्नड लिपीत आणि इंग्रजी अक्षरांत, तीही चार प्रकारच्या स्पेलिंगनं. तिन्ही भरा. नाहीतर चाळणीला भोकं राहतात.

गूगलवरचे अकरा एक-स्टार तुम्हाला स्वतः काढता येत नाहीत. प्रत्येकाला वेगळा फ्लॅग लावा. अनुभवाशिवाय लिहिलेलं, हितसंबंधातून लिहिलेलं, विषयाला सोडून, यांतलं लागू पडेल ते कारण निवडा. निर्णयाला काही दिवस लागतात, आणि नकार आला तर एकदा अपील करता येतं. दरम्यान प्रत्येकाखाली एकच वाक्य: "या नावाची ऑर्डर आमच्या वहीत नाही, ऑर्डरीची तारीख कळवा." हे वाक्य त्या अकरा जणांसाठी लिहायचं नाही, पुढच्या लग्नासाठी मांडे शोधणाऱ्या घरासाठी लिहायचं. आणि पाहुण्यांकडून एका दिवसात तीस पाच-स्टार मागवू नका. ते खोटेच दिसतात, गूगल तेही काढतं. रिव्ह्यूच्या बदल्यात करंज्या दिल्या तर तेही त्यांच्या नियमाबाहेर.

आता पोलीस. तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एका कागदावर घालू नका.

पहिली, तोतया खातं आणि पैशांची मागणी. यात आयटी कायद्याची कलमं ६६सी आणि ६६डी लागतात, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ही पोलिसांनीच तपासायची गोष्ट. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवा आणि बेळगावातल्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात कागद द्या. दीड पानाच्या वर नको: खात्याची लिंक, तारखा, कुणाकडून किती मागितले, यूपीआय आयडी, जोडलेल्या कागदांची यादी. इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. कन्नडमध्ये असेल तर काम लवकर हलतं. एफआयआर कन्नडमध्ये लिहिली जाईल. बोलता येतं पण वाचता येत नाही अशी आपल्यात कितीतरी माणसं आहेत. सही करण्याआधी ती तुम्हाला वाचून दाखवायला सांगा, आणि तुमच्या सांगण्यातला शब्द बदललाय का ते कान देऊन ऐका. तिची प्रत फुकट मिळायला हवी, कायदाच तसा आहे. गुन्हा नोंदवला नाही तर निदान पोच घ्या, आणि नकाराचं लेखी हिंबरह, म्हणजे ठाण्याचं लेखी उत्तर, मागा. तोंडी 'करतो बघा' घेऊन घरी येऊ नका.

दुसरी, बदनामी. हिच्यासाठी ठाण्यात भांडत बसण्यात अर्थ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा अशी शिक्षा आहे खरी. पण गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस आपण होऊन तपास करत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्यानंच मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार द्यायची असते. 'सहासष्ट अ लावा' असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आयटी कायद्यातलं ते कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. सात-आठ खोट्या कमेंटवाल्यांना वकिलाची नोटीस पाठवायची की नाही, हे पोस्ट थंड झाल्यावर ठरवा. पोस्ट तापलेली असताना गेलेल्या नोटिशीचा फोटो निघतो आणि तीच नवी पोस्ट होते. घाई नाही. फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. भरपाईचा दिवाणी दावा मात्र मजकूर छापल्यापासून एका वर्षात, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाचा दाखला न देताही मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

'घरी येऊन बघतो' वाल्याचं मात्र थांबवून ठेवू नका. त्यानं पत्ता किंवा मुलीचं नाव लिहिलं असेल तर त्याच दिवशी ठाण्यात जा, आणि दारात कुणी आलंच तर ११२.

राहिली सोयरीक. तिकडच्या घरी ही पोस्ट पोचायच्या आत तुमच्याकडून फोन जाऊ द्या, तोही मालकांचा किंवा थोरल्या दिरांचा. लिंक पाठवू नका, स्क्रीनशॉट पाठवू नका. "एका ऑर्डरीत मांडे मोडले, पैसे परत केले, कुणीतरी नावानं खोटं खातं काढलंय, त्याची पोलिसांत तक्रार दिली आहे, तुमच्या कानावर आलं तर हे असं आहे." एवढंच. दुसऱ्याच्या फोनवर कळलेल्या गोष्टीला लोक आपल्या मनानं शेपूट लावतात. त्याच संध्याकाळी मुलीचं फेसबुक प्रोफाइल लॉक करा, टॅग आधी तपासायची सेटिंग चालू करा, व्हॉट्सॲपचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असा ठेवा. तुमच्या जुन्या पोस्टमधले तिचे फोटोही काढा. तोतया खात्यांना फोटो तिथूनच मिळतात.

मालकांचं 'गप्प बस' ग्रुपमध्ये शंभर टक्के पाळायचं. फक्त गप्प बसायच्या आधी खानापूरला फोन, पैसे परत आणि तोतया खात्याची तक्रार, ही तीन कामं झालेली हवीत. रात्री नवानंतर ग्रुप बघायचा नाही, नोंदवही घरातलं दुसरं कुणीतरी सकाळी एकदा भरेल.

आणि पुढच्या ऑर्डरीपासून दहा-दहा मांडे वेगळ्या खोक्यात, मध्ये पुठ्ठा, आणि खोकं बंद करायच्या आधी उघड्या खोक्याचा एक फोटो गिऱ्हाइकाला. पावतीवर एक ओळ: वाहतुकीत मोडलेले मांडे चोवीस तासांत कळवल्यास बदलून मिळतील.